उस्तादांची खतावणी : खाते क्रमांक १४ कुणाचं?

होममैदानी (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७:१०

गेल्या मंगळवारी पहाटे उस्ताद गेले. वय ७६. नाव लिहीत नाही, काकूंनी बजावलंय, "पेपरात फोटो नको आणि त्या मोबाईलवर नावगाव नको." ज्यांना कळायचं त्यांना 'उस्ताद' म्हटल्यावर कळेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापुरात कॉलेजकडून हॉकी खेळले. मग खडकीला जाऊन बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत, भरती झाले. पंधरा वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शन घेऊन परत आले आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेतून एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर झाले. १९८८ पासून मागच्या पावसाळ्यापर्यंत रोज पहाटे साडेपाचला पोरांना हॉकी शिकवायचे. फी नाही, संघाला नाव नाही, टी-शर्ट नाही.

परवा काकूंनी घरी बोलावलं आणि एक खताची पिशवी हातात दिली. आत एक शिट्टी, तीन बॉल (एकाची शिवण उसवलेली) आणि ती खतावणी. लांबट, लाल कापडी पाठीची, बँकेत मिळायची तसली. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिच्यात सह्या केल्यात.

रात्री वाचत बसलो. प्रत्येक स्टिकला एक खातं. स्टिक दिली की नावे, परत आली की जमा, पुढे सही. आकडा लिहून झाला की शेजारी अक्षरी, चेकवर लिहितात तसं. 'बॉल ६ (सहा फक्त)'. वर्षाअखेरीला शिल्लक पुढे ओढलेली. एकूण ४१ खाती आहेत. ४० जुळतात. खाते क्रमांक १४ उघडं आहे. तारीख ११ जानेवारी १९९७, 'नावे १ (एक फक्त)', आणि शेजारी एक सही. ती ना मराठी आहे ना इंग्रजी, सुतळी सुटावी तसली काहीतरी. त्यापुढच्या प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या पानावर उस्तादांनी लिहिलंय, 'येणे : स्टिक क्र. १४'. २०२४ पर्यंत. २८ वेळा.

कुणाची आहे ती? रागावणार कुणी नाही आता. फक्त कळवा.

---

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ७:४८

काय बे हे सकाळी सकाळी. चहा तसाच राहिला.

माझी नाय १४. मी ९. आणि ९ मी जमा केलीय, माझ्या बापासमोर सही केलीय.

११ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावरची तारीख बग. संक्रांतीला गड्डा भरला की होम मैदान पाळणेवाल्यांचं, आपलं नाय. मग उस्ताद सगळ्यांना स्टिका घरी न्यायला द्यायचे, "भिंतीवर मारा, दोनशे दोनशे." त्या भानगडीत गेली असणार.

पण मला गड्ड्यापेक्षा गड्डा उठल्यानंतरचं आठवतंय. पाळणे गेले, स्टॉल गेले, की मैदानात खिळे, काचा, तारा, बाटल्यांची बुचं. आपल्याला वाटायचं कधी एकदा खेळायला मिळतंय. उस्ताद आधी पांढरी सुतळी काढायचे. मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळीच्या पट्ट्या आखायचे, एकेका पट्टीत दोन पोरं. उकिडवं बसायचं, बोटांनी माती चाचपत पुढं सरकायचं. उभं राहायचं नाय. सुतळी ओलांडायची नाय. एकाची पट्टी संपली तरी पलीकडच्याला मदत करायची नाय. सापडेल ते डालड्याच्या डब्यात. शेवटी डबा उलटा करून खिळे मोजायचे, मोजून खतावणीत लिहायचे. खिळे बे! लोक टाकून देतात त्यांची नोंद!

गुडघे सोलून निघायचे. घरी आई म्हणायची, हॉकी शिकतोस का रस्त्यावरचं काम करतोस.

---

राइट_इन_७० | रविवार, सकाळी ९:२२

मी त्यांच्या कॉलेजच्या संघातला. १९६७ ते ७०. मी राइट-इन, तो लेफ्ट हाफ. माझा दोस्त होता, त्यामुळे 'तो'च लिहितो.

वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ सालची मिल, साठच्या दशकात बंद पडली, तेव्हा हा शाळेत. घरात पैसा नव्हता. स्टिक जालंधरची, तुतीच्या लाकडाची, आणि ती कॉलेजची. आजच्या मुलांना कार्बन फायबरची सवय. तुतीची स्टिक पावसात भिजली की वाकायची, मग तिला तेल पाजून पलंगाखाली आडवी ठेवायची. हा गोडं तेल वापरायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण हे तुम्हा पोरांना माहीत नसणार. तेव्हा पेनल्टी कॉर्नरला गोल रेषेवरून बॉल यायचा तो हाताने थांबवलेला चालायचा. एकाने गुडघ्यावर बसून पंजाने बॉल जागेवर थांबवायचा, दुसऱ्याने लगेच फटका हाणायचा. ऐंशीच्या दशकात तो नियम गेला. आमच्या संघात थांबवणारा हा होता. फटका मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, थांबवणाऱ्याचं नाही. समोरून डिफेन्डर धावत येतायत, मागे आपल्याच माणसाने स्टिक उगारलीय, आणि हा मधे जमिनीला गाल लावून. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दोनदा मोडलं. जुळलं ते वाकडंच.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक पेपर आणि एका स्पर्धेची सेमीफायनल एकाच दिवशी आली. मी पेपर दिला. तो सामन्याला गेला. हरले, ०-१. पेपर राहिला, वर्ष गेलं, फी भरायला परत पैसे नव्हते. त्यानंतर महिन्याभरात खडकीच्या भरतीला गेला. मला पत्र लिहिलं त्यात एवढंच, "इकडे हॉकीचं मैदान चांगलं आहे." पंचावन्न वर्षं झाली, त्या पेपराचं मी त्याच्यासमोर कधी काढलं नाही. त्यानेही नाही.

---

काउंटर_नंबर_३ | रविवार, सकाळी ११:०५

बँकेत ते 'हवालदारसाहेब'. मी त्यांच्या शेजारच्या काउंटरला ११ वर्षं. उस्ताद वगैरे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या वाकड्या बोटाबद्दल वाचून आत्ता उलगडा झाला. ते नोटा डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने मोजायचे आणि ती दोन बोटं बाजूला, जणू चहाचा कप धरलाय. नवीन ग्राहक हसायचे. शंभराची गड्डी त्यांनी दोनदा मोजली की तिसऱ्यांदा कुणी मोजायचं नाही, मॅनेजरही नाही.

तेव्हा नोटांच्या गड्ड्यांना पिना मारलेल्या असायच्या. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं. त्याआधी दिवसभर त्या पिना उचकटायच्या, बोटं रक्ताळायची. आम्ही पिना खाली टाकायचो, झाडूवाल्या मावशी शिव्या द्यायच्या. हवालदारसाहेबांच्या टेबलावर मात्र शाईची रिकामी बाटली. पिन काढली की बाटलीत. संध्याकाळी कॅश बंद करताना ती बाटली हातात घेऊन एकदा हलवून बघायचे. कशाला, ते कधी सांगितलं नाही. आम्ही म्हणायचो, फौजी माणूस, असतं एकेकाचं.

एकदा माझ्याकडे ६०० रुपये कमी आले. १९९३-९४ असेल, सहाशे म्हणजे तेव्हा थोडेथोडके नव्हेत. मी खिशातून भरायला निघालो, सगळ्यांनी तेच सुचवलं. साहेब म्हणाले, "भरलेस तर हिशोब जुळेल, चूक सापडणार नाही." साडेआठपर्यंत माझ्यासोबत एकेक व्हाउचर बघत बसले. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्यांपैकी एक त्यांच्याकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. तो अधिकारी चिडून घड्याळ बघतोय, हे शांत. शेवटी सापडलं. एका व्हाउचरवर १ चा ७ वाचला होता मी. ११०० द्यायचे तिथे... असो, ते सगळं सांगत बसत नाही, आता लाज वाटते. त्या दिवशी मात्र ते जरा जास्तच वेळ त्या व्हाउचरकडे बघत बसले होते. म्हणाले, "एक आणि सात. पुन्हा तेच." पुन्हा म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं.

२००१ ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन गेले. निरोप समारंभाला आलेच नाहीत. कुठल्यातरी गावाला पोरांची मॅच होती म्हणे.

---

होममैदानी | रविवार, दुपारी १२:३०

काका, मॅच बार्शीला होती. हरलो. ०-५.

---

कडक_भाकरी | रविवार, दुपारी २:१५

सगळे गोड बोलतायत म्हणून मुद्दाम लिहितो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये वगैरे ठीक, पण जे झालं ते झालं.

मी दहावीत होतो. मार्च महिना, दुसऱ्या दिवशी बोर्डाचा भूमितीचा पेपर. उस्ताद म्हणाले संध्याकाळी तासभर येऊन जा, डोकं मोकळं होतं. आलो. सुटताना एक बॉल कमी. सहाच्या जागी पाच. उस्तादांनी कुणालाच सोडलं नाही. "गिनती पुरी झाल्याशिवाय मैदान सोडायचं नाही." अंधार पडला. मी सांगितलं, उस्ताद, उद्या पेपर आहे. म्हणाले, "मग लवकर शोध." साडेआठला सापडला, कडेच्या गटारात. घरी आई रस्त्यावर येऊन उभी. भूमितीत मला ७१ पडले, त्यामुळे नुकसान झालं म्हणत नाही. पण एका बॉलसाठी पंधरा पोरांना अंधारात ठेवायचं? त्या बॉलची किंमत काय होती तेव्हा? वर शेवटपर्यंत 'चुकलं' म्हणाले नाहीत.

मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. क्रिकेट खेळायला लागलो.

अजून एक. ३६ वर्षं शिकवलं म्हणता, त्यातला एक तरी पोरगा भारताकडून खेळला का? महाराष्ट्राच्या सीनिअर संघातून? खडकीच्या मैदानावरून धनराज पिल्ले झाला, चार ऑलिंपिक खेळला. आपल्याकडून काय? मग हे कोचिंग म्हणायचं का गिनती?

---

पूर्वभागातली | रविवार, दुपारी ३:४०

कडक_भाकरी, तुमचा राग बरोबर आहे. माझाही एक आहे. मुलींना त्यांनी २००३ पर्यंत घेतलंच नाही. माझी मोठी बहीण दोन वर्षं कडेला उभी राहून बॉल आणून द्यायची, स्टिक हातात मिळाली नाही. माझ्या वेळी मात्र घेतलं. का, ते मला आजवर कळलं नाही. बहीण अजून म्हणते, "तुला मिळालं ते माझं होतं."

माझी आई विड्या वळायची. आमच्या पूर्वभागात घरोघरी तेच. हजार विड्यांवर मजुरी. उस्ताद एकदा घरी आले, आईला तेलुगू येतं आणि मोडकं मराठी, उस्तादांना मराठी आणि मोडकं हिंदी. त्यांनी आईच्या नावाने आवर्ती ठेव उघडायला लावली, महिना २० रुपये. "पोरीचे बूट तू घ्यायचे, मी नाही घेणार." आईला राग आला होता, एवढा साधा माणूस आणि बूट घेऊन देत नाही. दोन वर्षांनी ठेव पिकली तेव्हा आईने स्वतः दुकानात जाऊन बूट घेतले. ते बूट अजून माळ्यावर आहेत. आई टाकू देत नाही ते.

कोचिंग का गिनती म्हणता, तर मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली आणि ती वर्षभर शिकवली. बॉल थांबवणं. मारायचं नाही. आमच्या खडीच्या मैदानावर बॉल कुठेही उडतो, त्यामुळे सगळी पोरं स्टिक आवळून धरतात. आवळून धरली की बॉल स्टिकला लागून हातभर पुढे जातो आणि समोरचा घेऊन पळतो. उस्ताद समोर बसायचे आणि हळू बॉल सोडायचे. "हात मऊ ठेव. बॉल येऊ दे. स्टिक जरा मागे घे, जणू कुणी तुझ्या हातात अंडं देतंय." शंभर झाले की मोजून सांगायचे, किती थांबले, किती उडाले. मी त्यांना विचारलं होतं, हे हात मऊ ठेवणं तुम्हाला कुणी शिकवलं. म्हणाले, "बंगालातल्या एका उस्तादाने, पण हॉकीचं नाही."

मी पुढे विद्यापीठाकडून खेळले. भारताकडून नाही. आता फलटणकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे टीव्हीवर दिसल्या की आई विचारते, ह्या पोरींना कुणी बूट घेऊन दिले असतील?

---

शेंगाचटणी | रविवार, दुपारी ४:०२

अंडं! अंड्याचं मी विसरलोच होतो बे. एकदा उस्तादांनी खरंच उकडलेली अंडी आणली होती थांबवायला. तिसऱ्या अंड्यानंतर खाऊन टाकली आम्ही. खतावणीत असेल बग, 'अंडी ६ (सहा फक्त)'.

---

होममैदानी | रविवार, दुपारी ४:२०

आहे. 'अंडी ६ (सहा फक्त). खर्ची.' तारीख ३ मार्च १९९५.

---

निवृत्त_सॅपर | रविवार, रात्री ८:५०

मी सोलापूरचा नाही, पंढरपूरचा. एका पुतण्याने धाग्याची लिंक पाठवली. मी ह्या हवालदारसाहेबांच्या नंतरच्या तुकडीतला, पण एकाच सेंटरचा. काही गोष्टी तुमच्या लक्षात आल्या नसतील म्हणून लिहितो.

आमच्याकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तो शब्द त्यांनी तिथून आणला. 'गिनती'ही तिथलीच.

सुरुंग पेरताना प्रत्येक सुरुंगाची सेफ्टी पिन काढावी लागते. ती पिन फेकायची नसते. प्रत्येकाने काढलेल्या पिना जमा करायच्या आणि मोजायच्या. पिना जितक्या, सुरुंग तितकेच जमिनीत. एक पिन कमी आली तर एक सुरुंग पिनेसकट गेलाय, म्हणजे फुटणार नाही. एक सुरुंग नोंदीत कमी आला तर कुठेतरी एक असा आहे ज्याचा कागद नाही. पेरलेल्या पट्ट्यांचा नकाशा आणि नोंद काटेकोर ठेवतात, कारण आज पेरलेले उद्या आपल्यालाच काढायचे असतात. १९७१ ची लढाई ३ ते १६ डिसेंबर, चौदा दिवसांत संपली. सॅपरचं काम तिथे संपत नाही. पश्चिम सीमेवर पेरलेलं नंतर वेचून काढावं लागलं. लोक शेतावर परत यायचे होते.

काढताना पांढरी पट्टी आखून गल्ली करतात. माणूस गुडघ्यावर किंवा पोटावर. प्रॉडर, म्हणजे माती चाचपायची टोकदार सळई, हातात, तिरका, साधारण तीस अंशात, सरळ खाली कधीच नाही, कारण सरळ गेला तर सुरुंगाच्या डोक्यावर टेकतो. तिरका गेला तर कुशीला लागतो. आणि हात सैल. आवळून धरला तर टोकाला काय लागलं, दगड का पत्रा, ते बोटांना कळतच नाही. आम्हालाही हेच शिकवलं. भरती झालेल्या प्रत्येक पोराला मेजर राम राघोबा राणे यांची गोष्ट सांगतात. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर त्यांनी गोळीबारात सुरुंग काढले, परमवीर चक्र. ऐकताना रणगाडे आणि गोळ्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तासन्‌तास मातीत बोटं असतात.

काउंटरवाले साहेब, तुमच्या त्या १ आणि ७ बद्दल. मी हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय, १९८४ मध्ये खडकीला, एका थंडीच्या रात्री. एका शेतातले सुरुंग काढून झाले आणि सहा कमी भरले. दोन दिवस अख्खी तुकडी पुन्हा त्याच पट्ट्यांत. शेतकरी बांधावर बसून वाट बघतोय, पेरणीचे दिवस जातायत. तिसऱ्या दिवशी कळलं, नोंद करणाऱ्याने लिहिलेला १ वाचणाऱ्याने ७ वाचला होता आणि बेरीज तिथे फिरली होती. ते सहा सुरुंग नव्हतेच. पण त्या दोन दिवसांत शोधताना एका जवानाचा पाय... एवढंच लिहितो. नोंद करणारा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर ते आकड्याशेजारी अक्षरी लिहायला लागले.

---

कडक_भाकरी | रविवार, रात्री ९:३५

दोनदा वाचलं.

कारण कळलं. राग गेला असं नाही म्हणणार. आम्ही पंधरा वर्षांची पोरं होतो, आम्हाला काय माहीत. एकदा सांगितलं असतं तर मीच टॉर्च घेऊन शोधला असता.

---

राइट_इन_७० | रविवार, रात्री ९:५८

आम्हाला १९७२ च्या दिवाळीत भेटला होता. सात रस्त्यावर चहा प्यायलो. विचारलं, लढाई कशी असते रे. म्हणाला, "मैदान फार मोठं होतं." मी हसलो. त्याला हसू आलं नाही.

१५ मार्च १९७५, क्वालालंपूरची वर्ल्डकप फायनल त्याने युनिटमध्ये रेडिओवर ऐकली. सुरजितने बरोबरी केली, अशोककुमारने दुसरा मारला, २-१. मला त्याचं जे कार्ड आलं त्यात अशोककुमारचं नाव नव्हतं. "बॉल थांबवला कुणी, ते समालोचक सांगेना." हा असा.

अवांतर : कुणीतरी वर विचारलंय, आपल्याकडून भारतीय संघात कोण गेलं. अहो, १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली आणि भारत सातवा आला. ऑलिंपिकच्या संघाला जिथे जड गेलं, तिथे होम मैदानाच्या खडीवरून पोरगा कसा पोचणार? टर्फवर बॉल सरळ येतो, तिथली पोरं थांबवण्याच्या आधी पुढची चाल ठरवतात. आपल्या पोरांचं अर्धं लक्ष बॉल आता कुठे उडेल यातच. त्याला हे नीट कळत होतं. हॉकीतून ऑफसाइडचा नियम जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो बरीच वर्षं पोरांना ऑफसाइडच्या हिशोबाने उभं करायचा, त्यावरून मी त्याच्याशी भांडलोही आहे. तो काही फार मोठा कोच नव्हता. हे मी म्हणतोय, दोस्त म्हणून.

---

नाव_नको_१४ | सोमवार, रात्री १२:४७

ती सही माझी.

कालपासून धागा वाचतोय, लिहायला आत्ता बसलो. आयडी आत्ताच काढला.

१९९७ ला मी सातवीत. सही कशी करतात माहीत नव्हतं, पहिल्यांदा कुणी सही मागितली होती. म्हणून सुतळीसारखी झाली. उस्ताद म्हणाले, "हीच ठेव आता. बदलायची नाही." अजून तीच आहे. बँकेत, पासपोर्टवर, फ्लॅटच्या कागदांवर. माझी बायको हसते.

गड्डा संपला त्याच आठवड्यात वडिलांची मिलमधली नोकरी गेली आणि आम्ही रातोरात पुण्याला काकांकडे आलो. स्टिक आईने वळकटीत बांधली, तिला वाटलं ती माझीच. मला सांगायचं धाडस झालं नाही. मग वर्षं गेली आणि जितकी वर्षं गेली तितकं जास्त लाजिरवाणं वाटत गेलं. २०११ ला सोलापूरला लग्नासाठी आलो होतो. पहाटे होम मैदानाकडे गेलो, उस्ताद दिसले, पोरं दिसली. कोपऱ्यावर गाडीत बसून राहिलो. उतरलो नाही. स्टिक गाडीत नव्हती, हे कारण सांगतो मी स्वतःला.

स्टिक आहे. आईने तिचा उपयोग दोरीवरचे कपडे उंचावरून काढायला केला, बरीच वर्षं. मग बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकण. बाक झिजलाय, तळाचं लाकूड ढिलपं निघालंय, ग्रिप तर केव्हाच गेली. १४ चा आकडा मात्र आहे, लाल रंगात, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'चौदा'. इतकी वर्षं मला वाटायचं कुण्या पोराने गंमत म्हणून लिहिलंय.

२८ वर्षं त्यांनी ते 'येणे' लिहिलं. बुडीत म्हणून एकदाही काढून टाकलं नाही. आम्हाला तर बँक सहा महिन्यांत...

मी आणून देऊ का? कुणाला द्यायची?

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ६:१५

बे. पहाटे पाचला वाचलं. मैदानावरच आहे आत्ता.

ये तू. मी स्टेशनावर घ्यायला येतो. हुरड्याचे दिवस हायेत, तेवढं करून जा.

---

काउंटर_नंबर_३ | सोमवार, सकाळी ८:३०

बुडीत खात्यात टाकायला वरिष्ठांची मंजुरी लागते. साहेबांना वरिष्ठ नव्हते मैदानात.

---

होममैदानी | सोमवार, सकाळी १०:१०

काकूंना फोन करून वाचून दाखवलं सगळं. सुरुंगाचं त्यांना माहीत होतं. १४ चं नव्हतं. थोडा वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "तो मुलगा जेवायला थांबणार आहे का? शेंगाची पातळ भाजी करते. किती जण ते नीट मोजून सांग."

कुणीतरी मला मेसेज केलाय की स्मृतिचषक सुरू करू, प्रायोजक आहेत. काकू नाही म्हणाल्या. चषकाचा विषय इथे कृपया काढू नका.

आत्ता सकाळी १९ पोरं येतायत, पैकी ७ मुली. पूर्वभागातली आणि मी आळीपाळीने बघतोय. ऑफसाइड आम्ही काढून टाकलाय, उस्ताद माफ करतील न करतील.

रविवारी सकाळी सहा वाजता. नाव_नको_१४, स्टिक जशी आहे तशी आण, दुरुस्त करू नकोस. खतावणी मी घेऊन येतो. जमेच्या रकान्यात तूच सही करायची. पेन निळ्या शाईचं आण, काळं उस्तादांनी कधी चालवून घेतलं नाही.

---

कडक_भाकरी | सोमवार, सकाळी १०:२६

मी येतोय. टॉर्च आणतो, सहाला अजून अंधार असतो ह्या दिवसांत.

---

पूर्वभागातली | सोमवार, सकाळी १०:४०

ताईला घेऊन येते. तिच्यासाठी एक खातं उघडाल का? ४२.

---

होममैदानी | सोमवार, सकाळी १०:४४

उघडलं. ४२ (बेचाळीस फक्त).